मोठा शब्द

रावजी मास्तरांनी 'फर्गिव्ह' हा शब्द आडव्या रेघेनं खोडला आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'पार्डन' लिहिलं. मग टाक दौतीत ठेवून, मान तिरपी करून ते त्या नव्या शब्दाकडे बघत राहिले. आता अर्ज पुन्हा उतरवून काढणं आलं. तिसऱ्यांदा. पण लाटसाहेबांपुढे चुकीचा शब्द जाऊ द्यायचा, हे मास्तरांच्या हातून होण्यातलं नव्हतं. त्यांना ताप चढला असता.

ओट्याच्या पायरीवर साखरबाई बसली होती. पन्नाशीची धनगराची बाई, उन्हानं रापलेली, डोईवरचा पदर दातात धरून. तिचा एकुलता एक लेक बिरू येरवड्याच्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता. पुण्याच्या वकिलांनी निरोप धाडला होता, की हायकोर्टातही शिक्षा कायम झाली. आता एकच दार उरलंय, मुंबईच्या लाटसाहेबांकडे दयेचा अर्ज. पोरगा कागदाला बोट लावायला तयार नाही, 'केलं ते केलं' एवढंच म्हणतो, तेव्हा आईचा अंगठा चालेल. अर्ज शुक्रवारच्या आत पुण्याला यायला हवा. नाही आला, तर पुढल्या मंगळवारी सकाळी बिरूला लटकवतील.

बारामतीत इंग्रजी खरडणारे आणखीही होते, पण रावजी मास्तरांसारखं इंग्रजी कुणाचं नाही असं सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी मास्तर स्वतः म्हणायचे. माणूस भला. गाढवालाही अहो-जाहो करील असा. अर्ज लिहून द्यायचे ते फुकट. फक्त शब्दाशी गाठ पडली, की त्यांना जगाचं भान राहायचं नाही.

बिरूनं केलं होतं हे कुणीच नाकारत नव्हतं. गेल्या साली पिंपळीला सावळाराम माळ्याच्या रानात मेंढरं बसवायची होती. मेंढरं शेतात मुक्कामाला बसली, की लेंड्यांचं खत पडतं आणि त्याबदल्यात माळी धान्य देतो. सावळारामनं एकाच रानाचा शब्द दोन वाड्यांना देऊन ठेवला. वाडा म्हणजे धनगरांचं फिरतं बिऱ्हाड, माणसं आणि मेंढरं मिळून. पूर्वी माळरान मोप होतं, कुणी कुणाच्या आड येत नव्हतं. कालव्याचं पाणी आलं, जिकडेतिकडे ऊस झाला आणि मेंढरांना टेकायला जागा मिळेनाशी झाली. दोन्ही वाडे एकाच वेळी बांधावर येऊन ठेपले. बिरूच्या हातात बाभळीच्या फांद्या तोडायची कुऱ्हाड होती. समोर जोतीराम होता, सणसरच्या धोंडाबाईचा थोरला. एका घावात आटोपलं. बिरू पळाला नाही. तिथंच डोकं धरून बसून राहिला.

"झालं का, मास्तर?" साखरबाईनं विचारलं.

"झालंच. एका शब्दाशी अडलं होतं."

"कंचा शबूद?"

इथं मास्तरांनी 'काही नाही, अंगठा द्या' म्हणायला हवं होतं. पण शब्दाबद्दल त्यांना आपण होऊन कोण विचारायचं? शाळेतली पोरं घंटेकडे कान लावून बसत. घरी बायकोपुढे, कौसल्याबाईंपुढे विषय काढला, की त्या आमटीला फोडणी टाकायला उठत. आणि ही बाई, जिला बाराखडी माहीत नाही, ती विचारत होती. मास्तर सरसावून बसले.

"बघा बाई, क्षमा म्हणायला इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक पार्डन. हा अधिकाराचा. ज्याच्या हातात शिक्षा आहे, तो ती सोडून देतो, म्हणजे पार्डन. राजा देतो, लाटसाहेब देतात. त्यात मनाचा संबंध असायलाच पाहिजे असं नाही. सही केली, शिक्का मारला, झालं."

"आन् दुसरा?"

"दुसरा फर्गिव्ह. तो ज्याचं नुकसान झालं, त्यानंच म्हणायचा. माझ्या पोटात तुझ्याबद्दल राग होता, तो मी टाकून दिला, असा त्याचा अर्थ. त्याला कचेरी नको, कागद नको. साहेबलोक देवापुढे हात जोडतात ना, तेव्हा हाच शब्द म्हणतात. आणि पार्डन कुठं कुठं चालतो माहीत आहे? बाजारात कुणाच्या पायावर पाय पडला तरी साहेब पार्डन म्हणतो. शिंक आली तरी पार्डन."

"पायावर पाय पडला तरी?"

"हो."

साखरबाईनं दातातला पदर सोडला. तिनं कागदाकडे बोट केलं.

"मंग ह्यातला मोठा कंचा?"

मास्तर हसले. सगळ्या वर्गात एकानं तरी असा प्रश्न विचारावा म्हणून ते किती वर्षं वाट बघत होते!

"मोठा फर्गिव्हच. त्यात शंकाच नाही. पार्डन हा त्याच्यापुढे कचेरीतला कारकून आहे म्हणा."

"आन् तुमी हितं बारकाच लिवला व्हय?"

"अर्जात तोच लिहावा लागतो, बाई. लाटसाहेबांना दुसरा देताच येत नाही. त्यांचं कुठं कोण मेलंय?"

"मेलंय धोंडाबाईचं," साखरबाई म्हणाली आणि उठून उभी राहिली. लुगड्याचा काष्टा तिनं नीट केला आणि पायरीवरची काठी घेतली.

"अहो, निघालात कुठं? अंगठा देऊन जा. मी उतरवून काढतो आणि उद्याच्या टपालात टाकतो."

"आता न्हाय द्यायची अंगठा. आमची रीत हाय, मास्तर. रगात सांडलं की सांडणाऱ्याच्या आईनं मेलेल्याच्या आईच्या दारात जायाचं. आदी तितंच जायाचं, दुसऱ्या कुणाच्या दारात जायाचं न्हाय. आदी दुसरीकडं पदर पसरला आन् मंग तिच्याकडं गेलं, तर ती म्हणंल, माझ्या पोराची किंमत ह्यांनी सरकारला इचारली. मंग ती कवाच माफ करायची न्हाय. मी वरीसभर भ्याले, गेले न्हाय. वकील म्हणला कोर्टात जा, मी कोर्टात गेले. तितंच चुकलं माझं. ह्यो जो मोठा शबूद हाय, त्यो आणल्याबिगर मी बारक्यावर अंगठा उठवायची न्हाय."

"बाई, पण शुक्रवार—"

"सणसर काय लांब हाय? उद्याच्याला येते."

आणि ती गेली. चालणाऱ्या माणसाची जात ती, गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झालीसुद्धा. मास्तरांना खरं म्हणजे मनातून बरंच वाटलं. आपण सांगितलेला फरक एवढा लख्ख कळला कुणाला तरी. त्यांनी नवा कागद घेतला आणि अर्ज तिसऱ्यांदा उतरवून काढला. एक काना-मात्रा हलणार नाही असा.

कौसल्याबाई आतून सगळं ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या.

"अंगठा कुठंय?"

"उद्या येणार आहे ती."

"आधी अंगठा घ्यायचा आणि मग काय शिकवणी करायची ती करायची! शब्दांचा कीस पाडत बसलात. तिचं पोर मरतंय तिकडे."

"अगं, येईल ती. सणसर काय लांब आहे?"

बुधवारी साखरबाई आली नाही. मास्तर शाळेतून दोनदा घरी येऊन बघून गेले. गुरुवारी सकाळी त्यांनी हेडमास्तरांकडे पोट दुखत असल्याचं कळवलं, धोतराचा सोगा खोचला आणि भाड्याची सायकल काढून सणसरचा रस्ता धरला. कालव्याच्या कडेकडेनं दोन्ही हातांना ऊस लागला होता, डोक्याच्या वर गेलेला. उन्हात पोचले तेव्हा मास्तरांच्या तोंडाला फेस आला होता.

धोंडाबाईचा वाडा जिथं होता तिथं आता काही नव्हतं. चुलीचे तीन दगड, गवताच्या काड्या आणि वाळलेल्या लेंड्या. विहिरीवर मोट हाकणाऱ्या गेणू नावाच्या माणसानं सांगितलं, की वाडा उठून आठ-पंधरा दिवस झाले. अंथुर्ण्याकडं गेला म्हणतात, तिथून पुढं इंदापूर धरलं असंल.

"आणि एक बाई आली होती का विचारत? बिरूची आई?"

"आली व्हती की. पाणीसुदीक प्याली न्हाय, तशीच गेली पुढं."

मास्तर अंथुर्ण्याला गेले. तिथंही वाडा नव्हता. भीमेच्या अंगाला असंल, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, नदी उतरून पलीकडं गेला असंल. मेंढरांच्या मागं फिरणाऱ्या माणसाला गाठायचं, तर त्याच्यासारखंच फिरायला हवं. मास्तरांना ते कुठून येणार? एका बाभळीखाली सायकल टेकवून ते बसले आणि त्यांना रडूच कोसळलं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली, तेव्हा त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

दिवस मावळताना घरी आले. कौसल्याबाईंनी ताट वाढलं, ते त्यांनी सरकवून दिलं.

"माझा लावा," कौसल्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"अंगठा. माझा लावा. मुंबईत कोण बसलंय बघायला, धनगरणीचा आहे का मास्तरणीचा?"

"वेड लागलंय का तुला? खोटा अंगठा म्हणजे बनावट दस्तऐवज. नोकरी जाईल माझी. आणि अर्ज बाद होईल तो वेगळाच. शिवाय ती म्हणाली आहे, मोठा शब्द आणल्याशिवाय अंगठा देणार नाही. तिच्या इच्छेविरुद्ध—"

"अहो, इच्छा कसली घेऊन बसलात!" कौसल्याबाईंचा आवाज चिरकला. "तुम्ही सांगितलंत म्हणून गेली ती. तुम्हीच म्हणालात ना, तो मोठा आणि हा कारकून? तिनं मोठा मागितला. कुठली आई धाकटा मागेल?"

मास्तर अपराध्यासारखे बसून राहिले आणि अपराधी ते होतेच. हे त्यांना आतून कळत होतं, तरी हात शाईच्या गादीकडे जात नव्हता. आयुष्यभर एक चुकीचा स्वल्पविराम ज्यानं सोडला नाही, तो खोटा अंगठा कसा उठवणार?

शुक्रवारी उजाडता उजाडता मात्र त्यांनी स्वतःच गादी आणून बायकोपुढे धरली. कौसल्याबाईंनी अंगठा उठवला. टपालानं आता भागणार नव्हतं. मास्तर पहिल्या गाडीनं स्वतः निघाले. दौंडला पुण्याची गाडी चुकली. दुसरी मिळून वकिलांच्या दारात उभे राहिले, तेव्हा कचेऱ्या बंद झाल्या होत्या.

वकिलांनी अर्ज वाचला. "भाषा उत्तम आहे," ते म्हणाले. मग त्यांनी खालचा अंगठा बघितला. "बाई कुठं आहेत?"

"घरी," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. वकिलांनी चष्म्यावरून बघितलं, तेवढ्यानंच मास्तर खाली बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

वकिलांनी कागदाची घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. असल्या कागदावर आपण पुढे काही करू शकत नाही, असं ते म्हणाले. तरीही शनिवारी सकाळी ते मास्तरांना घेऊन कचेरीत गेले आणि बाईंना यायला दोन दिवस लागतील, तेवढी सवड द्या, म्हणून तोंडी विनवणी करून बघितली. मुदत काल संपली, असं उत्तर मिळालं. मंगळवारचा हुकूम तुरुंगात पोचला होता.

रविवारी दुपारी मास्तर ओट्यावर बसले होते. जेवले नव्हते, दाढी वाढली होती. गल्लीच्या तोंडाशी पिवळं काही हललं म्हणून त्यांनी वर बघितलं. दोन बायका येत होत्या. पुढं साखरबाई आणि मागं तिच्याहून थोराड, उंच हाडापेराची एक म्हातारी. दोघींची कपाळं भंडाऱ्यानं माखली होती. भंडारा गालांवर, नाकावर, लुगड्यांवर सगळीकडं सांडला होता.

"मास्तर!" साखरबाई लांबूनच ओरडली. "मिटलं! दिला हिनं. मोठा शबूद दिला!"

ती हसत होती. पायाला फडकं गुंडाळलं होतं, त्यातून रक्त येत होतं, आणि ती हसत होती.

"हीच धोंडाबाई. जोतीरामाची आई. भीमेच्या काठाला गाठली हिला."

धोंडाबाई पायरीवर टेकली. खड्या आवाजात बोलणारी बाई होती.

"सुक्कीरवारी आली ही. पुढ्यात येऊन पदर पसरला. मी म्हणलं, जा, तुझं थोबाड दावू नगंस. गेली न्हाय. मेंढरांत जाऊन बसली. दीस बुडस्तवर बसली, पानी दिलं न्हाय मी. रातचं थोरल्या सुनंनं भाकर नेली, ती बी खाल्ली न्हाय. सकाळच्याला उठून बघतीया, तर कोकरू मांडीवर घिऊन बसल्याली. ते माझ्या जोतीरामाच्या हाताखालच्या मेंढीचं व्हतं." ती थांबली. "मंग माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाय. मला वाटलं, एक मेलं, आता दुसरं मारून मी काय करू? माझं आलं का परत? बिरोबाम्होरं नेली, भंडारा लावला, एका ताटात जेवलो दोघी. वरीस झालं, मला घास ग्वाड लागत न्हवता. काल लागला."

कौसल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या झटकन आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मास्तरांच्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "सांगा त्यांना."

मास्तरांनी तोंड उघडलं. धोंडाबाईनं त्यांना बोलूच दिलं नाही.

"मीच येते म्हणलं हिला. माझ्या हातानं भंडारा लावून आनायचा त्येला. ही म्हणती, मास्तरांना इचारू, कुठून जायाचं. पर एक सांगा मास्तर, मी कंदी त्येला बघितल्याला न्हाय. कोर्टात गेलेच न्हाय मी. तितं तर लई पोरं असतील. ह्यो बिरू, असं दावंल का कुनी?"

"आक्का, मी हाय की," साखरबाई म्हणाली आणि हसली.

"तू हायस गं. पर मी आपलं इचारलं."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. ही बाई पोटातला राग खरोखर टाकून देऊन आली होती. जगात त्याहून मोठं काही नाही, असं आपणच सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. खोटं नव्हतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"दुपारची गाडी आहे," ते कसेबसे म्हणाले. "ती धरा. दौंडला बदलायची. रात्री पुण्याच्या स्टेशनातच थांबा. उद्या सकाळी तुरुंगाच्या फाटकावर जा, तिथं वकील येतील. मी त्यांना तार करतो. ते आत नेतील. उद्याच भेटा, बाई. उद्याच. मंगळवारवर टाकू नका."

साखरबाईच्या तोंडावरचं हसू अर्धवट तसंच राहिलं.

"मंगळवार," ती म्हणाली.

मास्तरांनी खाली मान घातली. बराच वेळ ती त्यांच्या डोक्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, आता ही हंबरडा फोडील, काठी उचलील, आपल्या डोक्यात घालील. घालावी, असंही वाटलं.

"तो कागद, मास्तर?" तिनं अगदी हळू विचारलं. "अंगठा देऊ का आता?"

"नको, बाई," मास्तर म्हणाले. "आता नको."

धोंडाबाई तांब्या उंच धरून पाणी पीत होती. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, भंडाऱ्याचे पिवळे ओहोळ झाले. तांब्या खाली ठेवून तिनं पदरानं तोंड टिपलं.

"काय म्हणत्यात मास्तर? उद्याच सोडतील न्हवं?"

कौसल्याबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. मास्तरांनी वर बघितलं. साखरबाई वाकली, धोंडाबाईच्या हाताला धरून तिला उठवलं आणि तिच्या खांद्यावरचा पदर सारखा करून दिला.

"सोडतील की, आक्का," ती म्हणाली. "तू दिलंस, मंग आता कोण धरून ठेवतंय त्येला? चल बिगीबिगी, गाडी जाईल."